मधलं खाचर

कार्तिक लागला की आमच्या गल्लीत कापलेल्या भाताचा वास यायचा. ओल्या पेंढ्याचा, किंचित गोड, किंचित कुबट, घशात जरा खवखवणारा. आता तो येत नाही. परवा सकाळी मात्र मी ओट्यावर चहा घेऊन बसले होते आणि कार्ल्याकडून पेंढा भरून आलेला एक टेम्पो रस्ता चुकून गल्लीच्या तोंडाशी आला. थोडा वेळ पुढे-मागे करून त्यानं गाडी वळवली आणि तो निघून गेला. वास तेवढा मागे राहिला. कुणी हाक मारल्यावर वळावं तशी मी उठले आणि घराच्या मागच्या अंगाला गेले.

मागे भिंत आहे. हे मला माहीत नाही असं नाही. पण पायांना अजून सवय झालेली नाही.

भिंतीपलीकडे चार मजली इमारत आहे. फिकट पिवळी, काचेच्या कठड्यांची. तिच्या नावात डोंगर आहे आणि खिडक्यांतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, जिच्या नावातही डोंगर आहे. सोमवार ते शुक्रवार बहुतेक खिडक्या बंद असतात. शनिवारी गाड्या येतात, गाणी लागतात, कोळशावर काहीतरी भाजल्याचा धूर होतो. रविवारी संध्याकाळी सगळं पुन्हा एक्सप्रेस वेच्या दिशेनं वाहून जातं आणि सोमवारी सकाळी वॉचमन एकटाच पाइपनं रिकामं पार्किंग धूत असतो. लोणावळ्यात इतकी घरं कधी नव्हती. इतका अंधारही नव्हता.

गाव बाहेरच्या बाजूनं वाढतं तेव्हा ते डोळ्यांना दिसतं. हायवेच्या कडेनं वाढत वाढत आमचं गाव कार्ल्याच्या दिशेनं कधी सरकलं, ते बसमध्ये खिडकीशी बसणाऱ्या कुणालाही सांगता येईल. पण गाव आतल्या आतही वाढतं. दोन बंगल्यांच्या मध्ये एक मोकळा तुकडा असतो, तिथे एक दिवस पत्र्याचं कुंपण लागतं. जुन्या बंगल्याची आंबराई दोन भागांत विकली जाते. कुणाच्या मागच्या अंगणात चार खोल्या उठतात. एकेक करून मधल्या जागा बुजत जातात आणि आपल्याला ते एखाद्या साध्या गोष्टीवरून कळतं. मला ते उन्हावरून कळलं. थंडीत सकाळी उठल्या उठल्या ओट्याच्या पायरीवर ऊन यायचं. मग ते स्वयंपाक चढवल्यावर यायला लागलं. आता ते दुपारी येतं, पायरीवर क्षणभर टेकतं आणि उठून जातं.

घाटातून येणाऱ्या-जाणाऱ्या रेल्वेगाडीचा भोंगाही तसाच. पूर्वी तो सरळ घरात यायचा. वडील रेल्वेत फिटर होते. ते जेवताना हात थांबवून ऐकायचे आणि इंजिनाची तब्येत सांगायचे. आता भोंगा भिंतींवर आपटत आपटत येतो आणि गाडी मुंबईकडची की पुण्याकडची तेही कळत नाही.

आमचं हे घर त्याच वडिलांनी बांधलं. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांनी तरुणपणी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. घरात बुद्धाची लहानशी मूर्ती होती आणि खोलीभर वर्तमानपत्रं. रेल्वेचं क्वार्टर पावसात गळायचं, म्हणून दादांनी गावात भाड्यानं जागा शोधली. आडनाव सांगितलं की खोली नुकतीच भरलेली असायची. दादा घरी येऊन हे हसत सांगायचे आणि आई हसायची नाही. शेवटी एका म्हाताऱ्या बंगलेवाल्यानं वळवणच्या बाजूला, आपल्या आवाराच्या मागचा एक उताराचा तुकडा विकायला काढला. तिथे ना रस्ता, ना वीज, ना शेजार. दादांनी तो घेतला. तीन खोल्या बांधल्या, एका कडेनं पुढून मागेपर्यंत ओटा काढला, दुसऱ्या कडेला पेरू लावला. मी तेव्हा आठवीत असेन.

घराला जायला वाटच नव्हती. पलीकडच्या गाडीरस्त्यावरून यायचं तर मध्ये भाताचं एक मोठं खाचर होतं. त्याच्या बांधावरून चालत यावं लागे. खाचर आबांचं. आबा म्हणजे वळवणमधले जुने शेतकरी, पांढरी टोपी, कमी बोलणारे. आम्ही राहायला आलो त्या दिवशी ते बांधावर उभे होते. दादांनी विचारलं, "आबा, जायला-यायला बांध वापरला तर चालेल ना?"

आबा बराच वेळ आमच्या सामानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बांध चालन्यासाटीच असतोय."

एवढंच. त्यानंतर त्यांनी कधी आमची वाट अडवली नाही आणि कधी आमच्या ओट्यावर पाऊलही ठेवलं नाही. पाणी तर लांबच. त्यांचं घर खाचराच्या त्या टोकाला, आमचं या टोकाला आणि मध्ये हिरवंगार भात. लोक म्हणायचे, किती मोकळी हवा आहे तुमच्या घराला! मला फार नंतर समजलं की ती मोकळी जागा म्हणजे नुसती हवा नव्हती.

ती ओलांडली सरूवहिनीनं.

आबांचा मुलगा बबनभाऊ. त्याच्याशी लग्न होऊन सरूवहिनी परंदवडीहून आली तेव्हा ती माझ्यापेक्षा थोडीच मोठी होती. सुगीचे दिवस होते. कापणीला माणसं लागली होती. आमच्या घराला तोवर नळ आला होता आणि त्यांच्या घरून पाण्याची कळशी यायला उशीर झाला होता. मी शाळेतून येऊन ओट्यावर बसले होते. वहिनी विळा हातात घेऊन बांध चढून आली, विळा पायरीवर ठेवला आणि म्हणाली, "एवढा नळ सोड गं. घसा पार वाळला."

मी नळ सोडला नाही. आत जाऊन तांब्या आणला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. तिनं तांब्या घेतला, वर तोंड करून न पिता सरळ ओठांना लावला आणि रिकामा केला. पलीकडे कापणारी माणसं थांबलेली मला दिसली. आबांनी एकदा बघितलं आणि खाली वाकून पुन्हा कापायला लागले.

घरी तिला काय ऐकावं लागलं ते तिनं कधी सांगितलं नाही. पुढे कित्येक दिवस ती बांधाच्या या टोकाला आली नाही. आली ती झोडणी संपल्यावर, सुपात नवे तांदूळ घेऊन. आई दारात उभी होती. वहिनी म्हणाली, "मावशी, नव्याचं हाय. खीर करा." आईनं सूप घेतलं आणि ती चुलीपाशी जाऊन रडली. मला वाटलं धुरानं.

त्या सुगीपासून आमच्या वर्षाला दोन भाग पडले. एक सुगीचा, दुसरा बाकीचा. भात पिवळं पडायला लागलं की सकाळी धुकं खाचरात बसायचं आणि वरून फक्त लोंब्यांची टोकं दिसायची. मग एके दिवशी विळे चालू व्हायचे. कापलेलं भात आडवं पसरायचं, उन्हं द्यायची, पेंढ्या बांधायच्या, भारे डोक्यावरून खळ्यावर न्यायचे आणि फळीवर आपटून झोडायचं. धप्, धप्, असा आवाज दिवसभर. मला पार्सल ऑफिसात नोकरी लागल्यावरही मी त्या दिवसांत एखादी रजा काढायची. कापता मला कधी नीट आलं नाही. मी पेंढ्या बांधायची. वहिनी माझी गाठ सोडून पुन्हा बांधायची आणि हसून म्हणायची, "तुमी आपली पार्सलं बांधा, रजूताई."

माझं लग्न झालं नाही. कारणं होती. आता ती सांगण्याइतकी महत्त्वाची उरलेली नाहीत. दादा गेले, मग मी आणि आई. एका आषाढात आईचा श्वास लागला. बाहेर धो धो पाऊस आणि रिक्षा गाडीरस्त्यावरच थांबलेली आणि बांध पाण्याखाली गेलेला, निसरडा. मी ओट्यावरून हाक मारली. बबनभाऊ धावत आला आणि त्याच्यामागे आबा. त्यांनी आईला खुर्चीत बसवलं आणि दोघांनी ती खुर्ची उचलली. आबांचं वय झालं होतं. गुडघ्याएवढ्या पाण्यात पाय रोवत, खुर्चीचा पाय छातीशी धरून ते चालत होते. आईचा हात त्यांच्या खांद्यावर होता. घरी गेल्यावर आबांनी आंघोळ केली की नाही, मला माहीत नाही. मी ते बघायला नव्हते. मला एवढंच माहीत आहे की आई त्यातून वाचली, आणखी काही वर्षं जगली आणि तिनं प्रत्येक सुगीला आबांकडे खीर पाठवली. डबा नेहमी धुऊन परत आला.

म्हणून मोकळ्या जागेचं कौतुक कुणी फार करायला लागलं की मला ती खुर्ची आठवते. शेतातलं घर चित्रात छान दिसतं. आजारी माणसाला बाहेर काढायचं म्हटलं की कळतं.

मग गाव आत वाढायला लागलं. आमच्या घरापुढचा तो म्हाताऱ्याचा बंगला विकला गेला, त्याच्या आवारातून एक गल्ली निघाली आणि माझ्या दारात पहिल्यांदा डांबरी रस्ता आला. दिवे आले, दूधवाला आला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या बाजूला, जिथून आम्ही यायचो तो गाडीरस्ता एका मोठ्या आवाराच्या भिंतीत गेला. आबांच्या चुलतभावांनी आपापली खाचरं विकली. तिथे व्हिला झाले, पोहण्याच्या टाक्या झाल्या. आबा गेले, मागोमाग बबनभाऊही. आजूबाजूला सगळं बांधून झालं आणि मध्ये वहिनीचं तेवढं एक खाचर उरलं. चारी बाजूंनी भिंती आणि मध्ये भात. गच्चीवरून पाहुणे त्याचे फोटो काढायचे. वहिनीच्या घराकडून माणूस चालेल एवढी बोळ सोडली तर बाहेरून त्याला वाटच उरली नव्हती. वहिनी बैल आणायची, मग ट्रॅक्टर आणायची, तो माझ्या पेरूखालून, माझ्या आवारातून. पूर्वी आम्ही त्यांच्या बांधावरून घरी यायचो. आता ते आमच्या आवारातून शेतात जायचे.

ज्या सुगीची मला आठवण येते आहे, ती तीन वर्षांपूर्वीची. त्या खाचरातली शेवटची.

भात तेव्हा पोटरीत होतं, लोंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या. वहिनीचा थोरला दत्ता रविवारी सकाळी माझ्याकडे आला. उर्श्याच्या बाजूला एका कारखान्यात तो नोकरी करतो. लहानपणापासून मला आत्या म्हणतो. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि तरी उठेना.

"काय रे?" मी म्हटलं.

"आत्या, रागावू नका. आम्ही शेत डेव्हलपमेंटला द्यायचं ठरवलंय. बिल्डिंग होईल. आम्हा दोघा भावांना फ्लॅट मिळतील, आईला खोली मिळेल. पण प्लॅन पास व्हायचा तर आधी रस्ता दाखवावा लागतो." त्याने पेरूकडे बघितलं. "तुमच्या आवारातून पट्टी मिळाली तरच होतंय."

मी त्याचा कप उचलला. तोच पुढे म्हणाला, "दोन खोल्यांत आम्ही किती जण राहतो तुम्ही बघताच. धाकट्याचं लग्न जमत नाही त्यापायी."

"वहिनी काय म्हणते?"

"आईला तुम्हीच विचारा. ती माझ्याशी बोलत नाही धड."

तो गेला आणि मला राग आला. शेत त्यांचं, हे मला कळत होतं. पण सकाळी उठून मी जे बघते, माझी नजर जिथे जाऊन टेकते, ती जागाही त्यांची असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मला ते खाचर दिसलं नाही तर मी कुणाकडे बघणार होते?

पुढच्या शनिवारी समोरच्या व्हिलाचे साहेब आले. मुंबईचे, निवृत्त, बोलायला फार सुसंस्कृत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या ओट्यावर पाऊल ठेवलं. त्यांना कुठून तरी बातमी लागली होती.

"ताई, आपल्या लेनची एक शांतता आहे, एक कॅरेक्टर आहे," ते म्हणाले. "ते शेत म्हणजे या भागाचं फुफ्फुस आहे हो. तुम्ही पट्टी नाही दिली की विषय संपला. सगळं तुमच्या हातात आहे."

मला त्यांचं म्हणणं पटत होतं, हेच अवघड होतं. मी मान हलवली, त्यांना चहा दिला. ते चांगले गृहस्थ आहेत. ते गेल्यावर मी त्यांच्या घराकडे पाहिलं. ते ज्या जागेवर उभं आहे तिथे आबांच्या चुलतभावाचं खाचर होतं. तेही त्या वेळी कुणाचं तरी फुफ्फुस असेल.

वहिनीशी मी बोलले नाही. तीही आली नाही. भात पिकलं. कापणीला जायचं की नाही, या विचारात मी होते, तेवढ्यात एका सकाळी मागून विळ्यांचा आवाज आला आणि मी दरवर्षीसारखी पदर खोचून गेले. कापणीला बाहेरची माणसं मिळत नव्हती. वहिनी, सून आणि दत्ता. वरच्या गच्चीवर कुणाचं तरी गाणं लागलं होतं. एक पाहुणी कठड्यावर वाकून आमचा व्हिडिओ घेत होती.

दुपारी बांधावर भाकरी सोडली. वहिनीनं माझ्यापुढे भाकरी ठेवली, वर ठेचा ठेवला आणि एकदम म्हणाली, "ईचारा की. सकाळधरनं गप हाय तुमी."

"तुला खरंच शेत द्यायचंय?"

"मला?" ती खाचराकडे बघत म्हणाली. "मला कोन ईचारतंय. पन रजूताई, खरं सांगू? पोरास्नी झोपाया जागा न्हाई. नातू म्हनतोय मला पाव्हण्याकडं ऱ्हायाला जायचंय, तितं त्याला कॉट मिळती." तिनं स्वतःची भाकरी घेतली. "तुमाला बघाया शेत पायजे आन आमाला ऱ्हायाला घर पायजे. कुनाचं चुकलं म्हनू मी?"

मी भाकरी मोडत राहिले.

"तुमी नगं म्हनला तर मी तुमच्यावर रागावायची न्हाई," ती म्हणाली. "पन पोरं रागावतील. आन मग मी मधी अडकंन."

त्या दिवशी पेंढ्या बांधताना मी सारखी त्या बांधाकडे बघत होते. दादा त्याच बांधावरून डोक्यावर कौलं घेऊन आले होते. आईची खुर्ची त्यावरूनच गेली होती. आबांना आम्हांला नाही म्हणता आलं असतं. त्यांना आमचं पाणी चालत नव्हतं, तरी त्यांनी वाट दिली होती. आणि मला तर यांच्या घरची भाकरीही चालत होती आणि मी वाट अडवून बसले होते, कशासाठी, तर सकाळी चहा पिताना बरं वाटावं म्हणून.

संध्याकाळी शेवटचा भारा उचलताना मी दत्ताला बाजूला घेतलं. "पेरू तेवढा शेवटी तोडा," मी म्हटलं.

त्याला आधी समजलं नाही. मग समजलं आणि तो वाकून पाया पडला. वहिनी लांब उभी होती. तिनं ऐकलं असावं. ती वळली आणि कापलेल्या खाचरात उगाच लोंब्या वेचायला लागली.

बांधकाम दीड वर्ष चाललं. आधी खाचरात मुरूम पडला. पावसाचं पाणी पूर्वी खाचरात तुंबायचं, ते आता माझ्या मोरीतून वर यायला लागलं. एक पावसाळा मी बेडकांचा आवाज ऐकला नाही आणि झोप लागेना. पेरू पडला त्या दिवशी मी मुद्दाम पुण्याला भाचीकडे गेले.

इमारत उभी राहिली, वहिनीची मंडळी दुसऱ्या मजल्यावर राहायला आली. वास्तुशांतीला मी गेले, गर्दीत जेवले, परत आले. वहिनीचा सज्जा बरोबर माझ्या मागच्या दारावर येतो. मला वाटलं, आता तर ती आणखी जवळ आली. पूर्वी अख्खं खाचर ओलांडून यावं लागायचं. आता नुसती हाक मारली तरी चालेल.

पण ती येईना. सज्जाचा दरवाजा बंदच दिसायचा. मी एक-दोनदा हाक मारली, ती काचेवर आपटून परत आली. मग मीही मारायची सोडली. म्हटलं, नवं घर, नवी माणसं, आता तिला बांध कशाला आठवेल? पहिली सुगी अशीच गेली. झोडणीचा आवाज नाही, सूप नाही, खीर नाही. नवे तांदूळ मी दुकानातून आणले. शिजवले, पण खीर केली नाही. एकटीसाठी कोण करणार?

यंदा दसऱ्याच्या आधी दत्ता खाली भेटला. म्हणाला, "आत्या, आम्ही सोमाटण्याला शिफ्ट होतोय. मला रोजचं जाणं-येणं झेपत नाही, पोरांची शाळाही तिकडंच बघितलीय. हा फ्लॅट पाहुण्यांना देणार, शनिवार-रविवार."

"आणि आई?"

"आई आमच्याबरोबर."

त्याच दिवशी मी जिना चढून वर गेले. लिफ्टची मला भीती वाटते. सुनेनं दार उघडलं, ती कामाला निघाली होती. आत वहिनी सज्जाच्या काचेमागे खुर्चीत बसली होती. गुडघे सुजलेले. केस पार पांढरे झाले होते. मला बघून ती उठायला गेली आणि पुन्हा बसली.

"आलात?" ती म्हणाली. "म्या म्हनलं, रागावल्या."

"मी कशाला रागावेन?"

"झाड पाडलं, शेत गेलं. तुमी खालनं तोंड वर करून बघितलं न्हाई कदी."

"मी हाका मारल्या, वहिनी. तुझं दार बंद असायचं."

"ते दार मला उघडत न्हाई," ती म्हणाली. "सरकवायचं हाय ते. जाम जातं. पोरं कामाला जात्यात, सून जाती. मी हितं बसून तुमच्याकडंच बघत असती दिसभर. तुमी वट्यावर येता, च्या पिता, परत आत जाता. म्या काचंवर हात मारला लय येळा. तुमाला आयकूच जात न्हवतं."

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. काचेतून खाली माझं घर दिसत होतं. मी जन्मभर त्यात राहिले आणि ते इतकं लहान आहे हे मला ठाऊक नव्हतं. कौलांवर शेवाळ धरलं होतं, अंगणात एक मोडकं सूप पडलेलं होतं, ओट्यावर माझी एकच खुर्ची. वर्षभर माझ्या एकटेपणाला कुणीतरी साक्षी होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"पायाला माती लागत न्हाई गं," वहिनी म्हणाली. तिनं मला पहिल्यांदा अगं-तुगं केलं, तांब्याभर पाणी मागितलं त्या दिवसानंतर. "घर झालं, पोरांचं भलं झालं. त्याच्यात काय खोटं न्हाई. पन मला हितं दिस सरत न्हाई."

मी उठून त्या दाराशी झटले. ते खरंच जाम होतं. दोघींनी मिळून जोर लावला, ती खुर्चीतून, मी उभी राहून, आणि ते करकरत सरकलं. वारा आत आला. आम्ही पुढचे दिवस रोज तिथे बसलो, ती जाईपर्यंत. मी खालून डब्यात काहीबाही करून न्यायचे. आम्ही फार काही बोललो नाही. इतक्या वर्षांचं बोलणं साचलं आहे असं वाटतं आणि प्रत्यक्षात माणूस म्हणतो, आज वारा बरा आहे.

ती गेली तेव्हा दत्तानं तिला लिफ्टनं खाली आणलं, गाडीत पुढे बसवलं. माझ्या आवारातल्या पट्टीवरून, जिथे आता फरशी आहे, गाडी बाहेर पडली. तिनं खिडकीतून हात काढला. मी तो धरला आणि गाडी चालू झाल्यावर सोडला. सोमाटणं काही दूर नाही. लोकलनं तळेगाव, पुढे रिक्षा. मी जाईन असं म्हणते. तिच्या दारात कुठली भिंत आहे ते मला बघायचं आहे.

काल शनिवार होता. संध्याकाळी वहिनीच्या सज्जात दिवे लागले. नवी पाहुणे मंडळी आली होती. तरुण, हसतमुख. मी मागच्या दारात वाळत घातलेले कपडे काढत होते. एक मुलगी कठड्यावर रेलली होती. तिनं मला हात केला. मी बघितल्यावर तिनं आतल्या कुणाला तरी गाणं कमी करायला सांगितलं आणि वाकून विचारलं, "काकू, तुम्ही इथल्याच का? इथे आधी काय होतं हो?"

"शेत होतं. भाताचं."

"खरंच? इथे, मध्येच?" तिला मनापासून नवल वाटलं. "कुणाचं होतं?"

मला आबा आठवले. बबनभाऊ, दत्ता, सातबाऱ्यावरची त्यांची सगळी नावं आठवली, ज्यांत आमच्यातलं एकही कधी नव्हतं. मुलगी उत्तराची वाट बघत होती.

"आमचं," मी म्हणाले.